वाटेवरची नाचणी

माझी थोरली जाऊ तुळसा बाळंतपणात गेली, पाऊस लागायच्या थोडं आधी. पोरही गेलं.

बाळंतीण मेली की अळवत नावाचं भूत होऊन घरी परतते, असं आमच्या तोंडवलीत मानत. म्हणून तिच्यामागून मसणवटीपर्यंत नाचणी टाकत जायचं. ती दाणे वेचत बसते आणि घर गाठायच्या आत उजाडतं. नाचणी भाजलेली लागते. पण त्या दिवशी घरात चूल कुठली पेटायला? सासूबाईंनी, कृष्णाबाईंनी, बियाण्याच्या मडक्यातली कच्चीच काढून दिली.

पावसात ती रुजली. आमच्या दारापासून मसणवटीपर्यंत वाटेच्या कडेनं हिरवी ओळ उभी राहिली. उपटायला कुणी धजेना.

परगावच्या लोकांना आणि पोलीस पाटलाला मात्र सासूनं तापच सांगितला होता. नणंद जानकी लग्नाची होती. अळवतीच्या घरातली मुलगी कोण करणार? मीही पोटुशी होते. आई नसल्यानं मला माहेर नव्हतं. तुळसा जिथं गेली, त्याच खोलीत मी बाळंत व्हायची होते. रात्री मला झोप लागत नसे.

श्रावणात मालवणच्या सरकारी दवाखान्यातल्या नर्स सुभद्राबाई होडीनं खाडी उतरून आल्या. बाळंतपणात किती बायका दगावतात, हे त्या घरोघर विचारत होत्या. बाई घाटावरच्या. पडवीत टेकल्या आणि आधी म्हणाल्या, "मावशी, वाळूत ही नाचणी कुणी पेरली हो?"

तुळसाचा नवरा, माझा थोरला दीर सत्यवान, जाळं विणत बसला होता. त्याचा हात थांबला.

"पाखरांनी," सासू म्हणाली.

"सरळ रेषेत?"

"आमची पाखरां शिकलेली आसत."

जानकीला हसू आलं. बाई पण हसल्या. मग त्यांनी विचारलं, "घरात कुणी बाळंतपणात गेलं?"

"नाय. थोरली सून तापान गेली."

सत्यवान जाळं तिथंच टाकून उठला आणि समुद्राकडे चालू लागला. सासू त्याच्या पाठीकडे बघत राहिली. मग बाईंवरच उखडली, "सरकाराक आमच्या मेलेल्यांची चौकशी कित्याक? जितेपणी खंय होता?"

"खरं आहे तुमचं," बाई म्हणाल्या. "पण मावशी, सगळ्या घरांत मला तापच सांगतात. कागदावर तुमच्या गावात एकही बाळंतीण मेलेली नाही. मग इथं सुईण हवी, हे मी कुणाला पटवू?"

मी पाणी घेऊन पुढे झाले, तेव्हा सासूची नजर माझ्या पोटावर आली.

"लिवा," ती म्हणाली. "तुळसा सत्यवान. बाळंतपणात गेली. वार पडाक नाय. रगत थांबाक नाय. आणि होडी घालूक गेलो, तर खाडयेक सुकती. चिखलात होडी रुतली." मग हलक्या आवाजात, "आता ह्या माझ्या चेडवाक कोण करतला, ता पण लिवा."

"गे आये, मी रवतंय तुझ्याकडेच," जानकी म्हणाली.

"गप रव, मेले!" सासूनं पदरानं डोळे पुसले.

बाईंनी मला आत नेऊन तपासलं. बाहेर येऊन म्हणाल्या, "सुईण कधी येईल, सांगता येत नाही. पण हिच्या कळांची वाट बघू नका. दिवस भरायच्या आधीच भरती बघून हिला मालवणला आणा."

सासूनं छत्री उचलली. "चला. पुढच्या घराक मी येतंय. कोणी कोणी नाचणी टाकल्यानी, ता माका ठावक आसा. माझ्यासमोर ताप सांगूचे नाय."

माझी मुलगी मालवणच्या दवाखान्यात झाली. वार अडकलीच होती. पण तिथं हात होते, औषध होतं.

परत आलो तेव्हा नाचणी पिकली होती. होडीतून उतरल्यावर सासूनं मुलीला माझ्याकडून घेतलं आणि त्या ओळीपाशी उभी राहिली.

"तुळशे, बघ गो, चेडू झाला. तुका येवचा आसात तर ये. घर तुझाच आसा."

दुसऱ्या दिवशी तिनं कोयती घेतली आणि सगळी कणसं स्वतः कापून आणली. बाळंतपणात मला पेज मिळाली, ती त्याच नाचणीची.