चुकीवरही नाव असावे

वाचकहो, भिवंडीच्या नारपोलीतील एका जॉबराने, म्हणजे कापड विणणारे बिघडलेले लूम दुरुस्त करून चालते ठेवणाऱ्या एका कारागिराने, संगणकाच्या जगातील एका निवडीस कसे वळण लावले, ती हकीकत येथे यथामती सांगण्याचे योजिले आहे. प्रसंग लहान आहेत. परंतु ज्यांच्यामुळे ते घडले त्यांचे ऋण लहान नाही, म्हणून प्रत्येक शब्द जपून लिहिला आहे.

"काका, ती डिझाइनं तुम्ही उलटी घातली नव्हती. मी उलटी केली."

सन २००८ च्या फेब्रुवारीतील त्या सकाळी संगणकाचे प्रोग्राम लिहिणारा भावेश दारातच उभा राहून हे बोलला. आत तो जॉबर, बाळाराम केणे, खाटेवर कापडाचा तुकडा पसरून त्यावर भिंग धरून बसला होता. गेले तीन आठवडे तो ड्युटीवरून आला की हेच करीत असे. भावेशचे वाक्य ऐकून त्याने भिंग खाली ठेवले आणि त्याला आत येऊन बसावयास सांगितले.

हे काय प्रकरण होते, ते आधी सांगणे अगत्याचे आहे. नक्षीचे कापड विणायचे तर लूमच्या एका अंगास डॉबी नावाचे यंत्र बसवावे लागते. त्यावर लाकडी पट्ट्यांची माळ फिरते आणि पट्ट्यांत ठोकलेल्या खुंट्यांप्रमाणे कापडात नक्षी उतरते. अशा नक्ष्या संगणकावर मांडून पाहता याव्यात म्हणून भावेशने 'पट्टी' नावाचा एक प्रोग्राम लिहिला होता. तो मुक्त होता. कोणीही घ्यावा, आतील लिखाण वाचावे, सुधारावे आणि सुधारलेले परत द्यावे, अशी त्याची रीत होती. धामणकर नाक्यावर संगणकाचा क्लास चालविणारी उन्नती म्हात्रे या कामात बरोबरीची भागीदार होती. आणि सातवी पास झालेल्या बाळारामने सत्तावीस वर्षे हाताखालून गेलेल्या नक्ष्यांपैकी दोनशे अकरा नक्ष्या दोन वर्षे खपून त्यात भरल्या होत्या. भावेशने दिलेल्या जुन्या संगणकावर तो एका बोटाने काम करी.

घोटाळा झाला तो येथे. आपल्याकडे कारखान्यात लूम जोडीने मांडतात, एक डावा आणि एक उजवा, म्हणजे मधे उभा राहणारा कारागीर दोन्ही सांभाळू शकतो. त्यामुळे एका लूमची डॉबी या टोकाला, तर दुसऱ्याची त्या टोकाला. डाव्या लूमची पट्टी एका बाजूने वाचायची आणि उजव्या लूमची दुसऱ्या बाजूने, हे बाळारामला हाताने ठाऊक होते. काकांना भेटून कारखान्याच्या दारातूनच परत फिरणाऱ्या भावेशला ते ठाऊक नव्हते. काकांनी काही नक्ष्यांच्या पट्ट्या उलट्या बाजूने वाचल्या असे समजून त्याने चौसष्ट नक्ष्या एका दमात फिरविल्या आणि जुन्या फायलीवर नवी फाइल ठेवून दिली. पेन ड्राइव्हवरची प्रतही त्याने त्याच उत्साहात बदलली. पुढे बाळारामला काही नक्ष्या उलट्या दिसल्या. त्या आपल्याच हातून चुकल्या असाव्यात असे वाटून त्याने गुपचूप सुलट केल्या. आता कोणती कोणी फिरविली, हे सांगणारे कोणी उरले नव्हते.

तशात इचलकरंजीहून एका विणकराची ई-मेल आली. तिरकी रेघ उजवीकडे जावयाची ती डावीकडे जाते, असे लिहून शेवटी त्याने म्हटले होते की ज्यांनी ही डिझाइने भरली त्या केणे यांनी लूम पाहिलेला नसावा. उन्नतीने त्या ई-मेलचा छापलेला कागद बाळारामला दिला होता. त्याने तो दोनदा वाचून खिशात ठेवला आणि कोणाला दोष दिला नाही. आपल्या हाताचा भरवसा मात्र त्याला वाटेनासा झाला होता.

डाव्या-उजव्या लूमचा हा भेद कळल्यावर भावेश ते सर्व कबूल करावयास आला होता. मग स्टोव्हपाशी बसलेली जानकीबाई, बाळारामची पत्नी, चहाचा कप भावेशपुढे सरकवीत म्हणाली, "तीन आठवडं हा मानूस भाकर खाताना पन कापडच बघतोय. एवढा शिकलेला डबा तुमचा, कोन येऊन काय करून गेला याची त्याला आठवन नसतेय?"

"आठवण ठेवणारं असतं, काकी," भावेश म्हणाला. "आम्हीच बसवलं नाही."

तो ज्याविषयी बोलला त्याला व्हर्जन कंट्रोल म्हणतात. कोणी, केव्हा, काय बदलले याची त्यात नोंद राहते आणि पाहिजे तेव्हा मागच्या रूपाकडे जाता येते. अशा प्रणाली अनेक आहेत. त्यांतील कोणती घ्यावी हे ठरविण्यासाठी पुढच्या रविवारी तिघे उन्नतीच्या क्लासमध्ये जमले.

उन्नतीचे मत पक्के होते. सबव्हर्जन घ्यावे, असे तिने सांगितले. सर्व नोंदी एकाच सर्व्हरवर, म्हणजे मध्यवर्ती संगणकावर, राहतात, खरी प्रत कोणती याबद्दल वाद उरत नाही, आणि माउसने क्लिक करून काम होते. भावेशने गिट हे दुसरे एक वापरून पाहिले होते. ते वेगवान खरे, पण विंडोजवर बसविताना त्याचीच दमछाक झाली होती, तर काकांनी ते कसे चालवावे? म्हणून तोही सबव्हर्जनकडे झुकला. निर्णय झाल्यातच जमा होता. तेव्हा बाळारामने खुर्ची पुढे ओढली.

"हे चालवायला इंटरनेट लागतंय ना?" त्याने विचारले.

नोंद करताना लागते, असे उन्नती म्हणाली.

"माझ्या घरात ते न्हाय. लाइट पन दिवसातनं कितीदा जातेय ते तुम्हाला माहीत हाय."

त्याची सोय होईल, तिने समजाविले. त्याने पेन ड्राइव्ह भावेशकडे द्यावा, भावेश वर चढवील.

"मग नाव कोनाचं लागंल?"

भावेश अडखळला. "लागेल माझं. पण शेजारी तुमचं लिहू ना, काका."

बाळारामने टेबलावरील हात मांडीवर घेतले. नखांच्या कडांत तेल कायमचे मुरलेले ते हात होते. मग तो शांतपणे बोलू लागला. कारखान्यात एकाच लूमवर दोन पाळ्यांचे दोन कारागीर काम करतात. पाळी संपली की जाणारा कारागीर कापडाच्या काठावर आपल्या रंगाच्या खडूने खूण करतो. कापड तपासताना डाग निघाला, तार तुटलेली निघाली, तर 'ये मेरा नहीं, रात पाली का है' असे जो तो म्हणतो. खूण बघितली की बोलणे संपते.

"चांगलं निघालं तर कोनाच्या बी नावावर जाऊ दे, मला काय न्हाय," तो म्हणाला. "पन वाईट निघालं तर जे माझं हाय ते माझ्याच खुणेखाली पायजे. भावेशच्या नावावर माझी चूक कशाला? आनि त्याची माझ्यावर आली, ते तर तुम्ही बघितलंच."

भावेशने मान खाली घातली. उन्नती उठून फळ्यापाशी गेली. तिला वादात हरणे आवडत नसे, हे तिच्या क्लासमधील प्रत्येकास ठाऊक होते. तिने फळ्यावर स्वतःच्या हाताने लिहिलेले 'सबव्हर्जन' वाचले आणि डस्टर उचलून पुसून टाकले. "मला दोन आठवडे द्या," एवढेच ती म्हणाली.

त्या दोन आठवड्यांत तिने जे केले, त्याची वाच्यता तिने कधी केली नाही. मर्क्युरियल नावाची एक प्रणाली तिने शोधली आणि रोज क्लास सुटल्यावर बसून ती शिकली. या प्रणालीत प्रत्येकाच्या संगणकावर संपूर्ण इतिहास राहतो. नोंद घरबसल्या, इंटरनेटशिवाय, स्वतःच्या नावाने होते, आणि पुढे तो सर्व ऐवज पेन ड्राइव्हवरून दुसरीकडे नेला तरी नाव बदलत नाही. ती प्रणाली माउसने चालविता येईल असा जोड-प्रोग्रामही तिने मिळविला. मग चार पानांवर, कोठे क्लिक करावयाचे ते चित्रांसह मराठीत लिहून, ती स्वतः बाळारामच्या घरी आली. जानकीबाईने तिला खाटेवर बसविले आणि बाईमाणूस एवढे शिकले म्हणून कौतुकाने तिची बोटे हातात घेऊन पाहिली. "बोटं तर आमच्यासारखीच हायत," ती म्हणाली, आणि उन्नती मोकळेपणी हसली.

पहिली नोंद उन्नतीसोबत आलेल्या भावेशने केली. बाळारामच्या संगणकावर होते तसे सर्व काम त्याने आत घातले आणि खाली लिहिले की यातील चौसष्ट नक्ष्या न विचारता मी फिरविल्या, चूक माझी. त्याला कोणी तसे लिहावयास सांगितले नव्हते.

नंतर बाळाराम बसला. मधल्या सर्व आठवड्यांत कापडाशी ताडून त्याने एक एक नक्षी निश्चित केली होती. त्या शोधात चौदा नक्ष्या खरोखर त्याच्याच हातून चुकल्याचे निघाले होते. त्यांतील पहिली त्याने सुलट केली. तेव्हा संगणकाने नाव विचारले. इंग्रजी अक्षरे एका बोटाने शोधीत त्याने बाळाराम गोमा केणे असे वडिलांसह पूर्ण नाव घातले. त्याखाली, काय बदलले ते लिहिण्याची जागा होती. तेथे तो बराच वेळ टाइप करीत राहिला. मागे उभ्या असलेल्या भावेशने वाकून वाचले. इंग्रजी अक्षरांत मराठी लिहिले होते: नक्षी सव्वीस सुलटी केली, चूक माझी होती, उन्नतीबाई आणि भावेश यांचे उपकार आहेत.

"काका, इथं फक्त कामाचं लिहायचं असतं," भावेश हळूच म्हणाला. "एकदा गेलं की नंतर पुसता येणार नाही."

"कामाचंच हाय ते," बाळाराम म्हणाला आणि त्याने बटन दाबले.

ते खरोखरच पुसता आले नाही. पुढे इचलकरंजीच्या त्या विणकरानेही 'पट्टी' नव्याने उतरवून घेतली आणि क्षमा मागणारे दोन शब्द पाठविले. मालेगाव, सोलापूर, कोठकोठले लोक ती घेत गेले. जो घेईल त्याच्या संगणकावर संपूर्ण इतिहासासह बाळारामची ती ओळ जाते. त्यांतील बहुतेकांनी ती उघडून पाहिलीही नसेल. नोंद झाली त्या दुपारी मात्र बाळारामने पडद्यावरील आपले नाव एकदा वाचले, कापडाचे तुकडे घडी करून पिशवीत ठेवले आणि दोनच्या पाळीला निघाला. कोपऱ्यावरच्या लूमची डॉबी सकाळपासून अडत असल्याचा निरोप आला होता.

येथवर वाचण्याचे कष्ट आपण घेतलेत, याबद्दल मी आपला मनापासून आभारी आहे. लिखाणात काही उणे राहिले असल्यास ते माझे समजावे.

पंढरी काशिनाथ तरे
नारपोली, भिवंडी