कामातली कसर

हार्वेस्टरवर चढून मिस्त्रीने मळणीच्या ड्रमची लिव्हर मागे ओढली. तिला जागी धरणारा खटका टक्कन खाचेत बसला. मग त्याने अंगातला सगळा जोर लावून लिव्हर पुढे ढकलून पाहिली, हार्वेस्टरच्या पत्र्यावर हातोडीचे टोले घातले, खाली उतरून चाकाला एक लाथही घातली. खटका जागचा हलला नाही. एरवी अशा वेळी मिस्त्रीने स्वतःचीच पाठ थोपटून घेतली असती, कारण हा खटका गेल्या हंगामात त्यानेच घडवून बसवला होता. आज त्याने हातोडी पिशवीत टाकली आणि तो नुसता उभा राहिला.

वहिनी शेडच्या दारातच थांबल्या होत्या. यंत्राच्या मागच्या बाजूला, जिथून त्यांच्या थोरल्या मुलाला बाहेर काढलं होतं, तिथली जमीन कुणीतरी धुऊन वर कोरडी माती पसरली होती. त्या मातीकडे न बघता त्यांनी विचारलं,

"काय दिसलं?"

"काय दिसायचंय, वहिनी. खटका ठणठणीत आहे."

"म्हणजे लिव्हर आपोआप पुढे गेली नाही."

"नाही."

घडलं होतं ते सरळ होतं. ऐन कापणीत मळणीच्या ड्रममध्ये पेंढा अडकला. थोरल्याने इंजिन बंद केलं आणि तो मागच्या झडपेतून आत शिरून पेंढा उपसू लागला. तेवढ्यात धाकटा डिझेलचा कॅन घेऊन आला. भाऊ जेवायला गेला असेल असं समजून त्याने चावी फिरवली. लिव्हर मागे असती तर नुसतं इंजिन सुरू झालं असतं. ती पुढे होती, त्यामुळे इंजिनाबरोबर ड्रमही फिरला. चावीला हात लावण्याआधी लिव्हर बघायची, हे मिस्त्रीने दोघा भावांना अक्षरशः कान धरून शिकवलं होतं. बघितली की नाही ते आठवत नाही, असं धाकटा म्हणत होता. त्या दिवसाबद्दल तो तेवढंच बोलला होता.

"तुम्ही त्याला सांगा, खटका झिजला होता," वहिनी म्हणाल्या.

मिस्त्रीला आधी वाटलं, आपण चुकीचं ऐकलं.

"वहिनी, हा खटका मी बसवलाय."

"माहीत आहे मला."

"म्हणजे माझ्यामुळे झालं असं सांगू?"

वहिनींनी मान खाली घातली, पण नाही म्हटलं नाही.

मिस्त्री फाटक्या तोंडाचा माणूस होता. यंत्र बिघडून आलं की त्याचा हात यंत्राला लागण्याआधी जीभ मालकावर चालायची. ग्रीस कुणी द्यायचं, तुझ्या सासऱ्यानं? इंजिन आहे की रेडा, एवढं ओढायला? मिस्त्रीकडे जाताना पोटभर जेवून जावं, उपाशीपोटी त्याच्या शिव्या पचत नाहीत, असं लोक हसून म्हणायचे आणि तरीही त्याच्याचकडे जायचे. त्याच्या हातचं काम त्याच दुखण्यासाठी कधी परत येत नसे. तेवढा एकच तोरा त्याने आयुष्यभर मिरवला होता. आणि आता ही बाई तोच मागत होती, वर एका मरणाचा ठपकाही घ्यायला सांगत होती.

"फवारणीची औषधं उचलून मी बहिणीकडे नेऊन ठेवलीत," वहिनी म्हणाल्या. "तो विहिरीकडे निघाला की मीही काहीतरी काम काढून मागोमाग जाते. त्याला कळतं ते. परवा म्हणाला, आई, किती दिवस पुरशील? मी काय उत्तर देऊ, मिस्त्री?"

मिस्त्रीने पाना काढला आणि तो पुन्हा यंत्रावर चढला.

खटका सोडवून त्याने शेडमधल्या शिकंज्यात आवळला. कानस उचलली, ठेवली, पुन्हा उचलली. पहिले दोन हात नुसतेच वरून फिरले. मग मात्र त्याने दात आवळून कड घासून खाली आणली, थोडी तिरपी, यंत्राच्या थरथरीने झिजते तशी. घासलेल्या जागी जळकं तेल आणि काजळी चोळली. खटका परत बसवून लिव्हर मागे ओढली आणि पत्र्यावर एकच टोला घातला. लिव्हर सरसर घसरत पुढे आली. चांगलं काम मुद्दाम बिघडवायची त्याची ही पहिलीच वेळ होती, आणि मेलं तेही इतकं बेमालूम जमलं होतं की त्याला स्वतःच्या हातांचा राग आला.

"बोलवा त्याला," तो म्हणाला. "आणि तुम्ही घरात थांबा."

धाकटा आला. दाढी वाढलेली, शर्टाची बटणं खालीवर लागलेली. शेडमध्ये शिरताना त्याचा पाय अडखळला, पण तो आला.

"इकडे ये, बघ," मिस्त्री म्हणाला. त्याने लिव्हर मागे ओढली, टोला घातला. लिव्हर पुढे घसरली. "दिसलं? लिव्हर मागेच होती. तू इंजिन सुरू केलंस, थरथरीने खटका सुटला. माझ्या कामात कसर राहिली. तुझा यात काही दोष नाही, बाळा."

धाकटा खटक्यावर वाकला. मग त्याने बोट पुढे करून ती कड चाचपली आणि बोटाला लागलेली काजळी अंगठ्याने पुसली.

"त्या दिवशी सकाळी मीच ग्रीस लावलं होतं याला," तो म्हणाला. "तेव्हा कड अशी नव्हती."

"तुझ्या लक्षात आलं नसेल."

"आणि तुम्ही मला बाळा म्हणालात."

मिस्त्रीने पिशवीतलं फडकं ओढून काढलं.

"इतकी वर्षं मला गाढवाशिवाय दुसरी हाक मारली नाहीत, काका. आज मला शिव्या द्यायच्या होत्यात. मग कदाचित खरं वाटलं असतं."

मिस्त्रीने तोंड उघडलं. आयुष्यात कधी अडली नव्हती ती जीभ टाळ्याला चिकटून बसली. तो नुसता फडक्याने हात पुसत राहिला, स्वच्छ झाले तरी पुसत राहिला.

"आईने सांगितलं?" धाकट्याने विचारलं.

मिस्त्री फडक्याची घडी घालू लागला. धाकट्याने समजल्यासारखी मान हलवली.

"हे बाहेर कुठे बोलू नका. तुमच्याकडे कुणी काम आणणार नाही."

"माझ्या कामाची काळजी तू नको करू, गाढवा."

धाकट्याच्या ओठाचा एक कोपरा जरा हलल्यासारखा झाला. मग तो हार्वेस्टरच्या चाकाला पाठ टेकून खाली बसला. इतका वेळ ज्या बाजूला त्याने बघायचं टाळलं होतं, ती कोरडी माती आता त्याच्या अगदी समोर होती.

"तिला सांगा, मला पटलं," तो म्हणाला. "तिची झोप गेलीय हो, काका."

मिस्त्री पिशवी घेऊन बाहेर आला. अंगण ओलांडेपर्यंत त्याला वाटत होतं की वहिनींना आपलं तोंड बघूनच सगळं कळेल. वहिनी पायरीवर उभ्या होत्या, दोन्ही हातांनी दाराची चौकट धरून.

"काय म्हणाला?"

"पटलं त्याला," मिस्त्री म्हणाला.

"खरंच?"

"खरंच. तुम्हाला सांगा म्हणाला."

चौकटीवरचे हात सुटले. वहिनी पायरीवर बसल्या आणि त्यांनी थोरल्याला हाक मारली. एकदा, दोनदा, मग त्याच्या लहानपणच्या लाडक्या नावाने. ज्या दिवशी त्याला बाहेर काढलं त्या दिवशी, आणि त्यानंतरही, त्यांच्या डोळ्यांतून टिपूस आलं नव्हतं. बायका आपसात त्याबद्दल बोलल्याही होत्या. आता त्या गुडघ्यांत डोकं घालून रडत होत्या आणि त्यांचा आवाज अंगणभर, शेडपर्यंत जात होता.

मिस्त्रीने शेडकडे बघितलं. दारातून धाकट्याचे नुसते पाय दिसत होते, पसरलेले, अगदी स्थिर. आजपासून वहिनी त्याच्या मागोमाग जाणार नव्हत्या. पलीकडे फाटक उघडं होतं. तिथे मिस्त्रीची मोटारसायकल उभी होती आणि त्याचं इथलं काम संपलं होतं.

त्याने पिशवी एका खांद्यावरून दुसऱ्या खांद्यावर घेतली आणि तो परत शेडकडे चालू लागला.