बांगडे की इन्सुलिन

गुणाजी तेहेतीस वर्षं बेस्टची बस चालवून निवृत्त झाला आणि आठ दिवसांत एक जुनी व्हॅन घेऊन घाटकोपरच्या बिल्डिंगखाली हजर! जन्मभर घाटकोपर ते कुर्ला आणि कुर्ला ते घाटकोपर केलेला माणूस, आता म्हणे बायकोला घेऊन महिनाभर कच्छ आणि जैसलमेर. गाडी वेळेवर सोडणारा ड्रायव्हर म्हणून त्याचं नाव होतं. इतकं, की एकदा भाजीच्या पिशव्या घेऊन धावत येणाऱ्या सुगंधालाच, म्हणजे सख्ख्या बायकोला, स्टॉपवर ठेवून तो निघून गेला होता. टायम म्हणजे टायम. पंचवीस वर्षं झाली, सुगंधा अजून ऐकवते.

व्हॅनमध्ये पलंग बसला, शेगडी बसली. राहिला फ्रीज, आणि घोडं तिथेच अडलं. सुगंधाचं महिन्याभराचं इन्सुलिन थंड राहायला हवं होतं.

इन्सुलिन सुरू झाल्यापासून नऊ वर्षांत ती दोन रात्री कुठे बाहेर राहिली नव्हती. कुठे जायचं निघालं की तिचं ठरलेलं, "तुमी जावा. माका खय जमता?" खरं सांगायचं तर तिला जायचं होतं. भारी जायचं होतं. वेंगुर्ल्याची रेती तिने पाहिली होती. जिच्यापुढे समुद्रच नाही अशी रेती कशी दिसते, ते एकदा डोळ्यांनी बघायचं होतं. पण हे नवऱ्याला सांगेल ती सुगंधा कसली!

साकीनाक्याला नंदकिशोर गाड्यांमध्ये असले फ्रीज बसवून देतो. त्याने दोन पेट्या पुढ्यात ठेवल्या. "काकी, ही स्वस्तातली. बाहेर चाळीस असलं ना, तर आत वीस-बावीस. कोल्ड्रिंकपण धड गार होत नाय. ही दुसरी कॉम्प्रेसरवाली. घरच्या फ्रीजसारखी."

"चार डिग्री धरून ठेवील?" सुगंधाने विचारलं.

"आरामात. वेगळी बॅटरी जोडून देतो, गाडी बंद असली तरी चालेल."

गुणाजीचा प्रश्न वेगळा. "आणि बांगडो किती दिवस रवतलो?"

मालवणी माणूस वाळवंटात निघाला तरी आधी मासळीची सोय बघणार. नंदकिशोर म्हणाला, "मासे ठेवायचे तर उणे बारावर न्या, काका. पण कप्पा एकच आहे. एक कायतरी ठरवा. दोन कप्प्यांची पेटी तुमच्या पलंगाखाली जाणार नाय." गुणाजीने मान डोलावली. तेहेतीस वर्षं प्रवाशांचं जेवढं ऐकलं, तेवढंच त्याने हेही ऐकलं.

कॉम्प्रेसरवाली पेटी बसली, आणि रविवारी चाचणी. सकाळी बाजारातून दोन डझन बांगडे आले, साफ होऊन पेटीच्या तळाला गेले. सुगंधाने इन्सुलिनचं एक नवं पेन रुमालात गुंडाळून त्यांच्यावर ठेवलं, पेटीवरचा आकडा चारवर आहे ते बघितलं आणि ती घरी आली. दुपारभर ती मनातल्या मनात साड्या निवडत होती.

चार वाजता खालून हाक आली. "गो सुगंधा, हय ये!" गुणाजीने एक बांगडा व्हॅनच्या दारावर आपटला. टक्! "झकास ना?"

पेटीवरचा आकडा आता उणे बारा होता. सुगंधाने रुमाल सोडला. पेनात बर्फ झाला होता.

"गरम पाण्यात ठेवया," गुणाजी चाचरत म्हणाला.

"एकदा गोठला का गेला. फेकूचा." तिचा आवाज चढला नाही, आणि तेच वाईट होतं. "एवढा त्येणा समजावन सांगितल्यान! वाळवंटातपण तुमका बांगडोच दिसता. तुमी जावा. माका खय जमता?" ती जिना चढून गेली. जिन्यात तिला रडू आलं आणि मग स्वतःचाच राग आला.

सोमवारी गुणाजी सकाळीच गायब. दहाच्या सुमाराला शेजारची जया पिशवी घेऊन दारात. "काकी, काकांनी सगळे बांगडे आणून दिले. आज सोमवार, मी काय करू यांचं?"

सोमवारी मासे वाटणारा मालवणी! सुगंधाने पिशवीत बघितलं, सगळेच होते. फ्रीज परत गेला वाटतं. संपलं, कसलं कच्छ आणि कसलं काय! ती पदर खोचून धावत खाली गेली.

व्हॅन तिथेच होती. फ्रीजही होता. आकडा दाखवत होता, चार. झाकणावर ताज्या लाल रंगात ठळक लिहिलं होतं, 'स्त्रियांसाठी राखीव'. हातात ब्रश घेऊन गुणाजी बाजूला उभा, घामाघूम.

"बसमधी ह्या लिवलेला असला काय बापये उठतत," तो म्हणाला. "बांगडेय उठले."

सुगंधाला हसू आवरेना. ती तशीच वर गेली आणि सुक्या बोंबलांची मोठी बरणी घेऊन आली. "ह्येंका फ्रीज लागणा नाय. पावसात आपली आये काय खायत होती?"

"म्हायत होता तर आधी सांगूचा मगे!"

"इचारल्यात कधी?" तिने बरणी शेगडीशेजारी ठेवली आणि पलंगावर टेकून बघितलं. मऊ होता. "गाडी कधी सुटतली?"

गुणाजीने सवयीने मनगट वर केलं, आणि घड्याळ न बघताच खाली घेतलं.

"तू बसल्याशिवाय सुटूची नाय."