सव्वा फुटाचा संशय

मित्रांनो, मी एक जुनी साखळी आहे, जमीन मोजायची. शंभर फूट लांब, पोलादी कड्यांची, दोन्ही टोकांना पितळी मुठी. सरकारी मोजणीदार सेतुमाधवरावांनी तंजावरकडच्या बांधांवरून मला तीस वर्षं ओढलं. हद्दीचे दगड सरकवणारी माणसं त्यांनी इतकी पाहिली, की कुणाच्याच शब्दावर त्यांचा विश्वास उरला नव्हता. माझ्यावर मात्र होता. निवृत्त झाल्यावर कचेरीच्या लिलावातून त्यांनी मला विकत घेतलं आणि मद्रासला आणलं.

त्यांच्या पत्नीला, गोदाबाईंना, समुद्राकाठी घर बांधायचं होतं. १९५८ साली तिरुवान्मियूरच्या किनाऱ्यावर जनकोजीरावांनी आपल्या घराशेजारची जागा विकायला काढली. कागदावर लांबी दोनशे फूट. गोदाबाईंनी वाळूत उभं राहून स्वयंपाकघराची जागाही ठरवली.

सेतुमाधवरावांनी मला रस्त्याकडच्या दगडापासून समुद्राकडच्या दगडापर्यंत अंथरलं. सव्वा फूट कमी! पुन्हा मोजलं. तेवढंच.

"दगड कधी सरकवलात?" त्यांनी विचारलं.

जनकोजीराव गोरेमोरे झाले. "माझ्या वडलांनी रोवलाय तो. मी हातसुद्धा लावला नाही."

"सगळे असंच म्हणतात."

मित्रांनो, मला ओरडून सांगावंसं वाटत होतं, पण साखळीला कुठली वाचा!

परतीच्या बसमध्ये गोदाबाई म्हणाल्या, "त्यांच्याकडे एवढं रोखून पाहिलंत. साखळीकडे पाहिलंत का?"

दुसऱ्या दिवशी मोजणी कचेरीच्या अंगणात, फरशीवर कोरलेल्या शंभर फुटांच्या दोन खुणांवर मला ताणलं. माझी मूठ खुणेपुढे साडेसात इंच गेली. ओढून ओढून माझ्या कड्यांची तोंडं उघडली होती, मी लांबले होते. दोन वेळा अंथरल्यावर बरोबर सव्वा फुटाचा फरक! सेतुमाधवराव फरशीवरच बसले.

ते तसेच तिरुवान्मियूरला गेले. "चूक माझी. क्षमा करा."

जनकोजीरावांनी त्यांना कॉफी दिली. "माफ केलं. जागा मात्र तुम्हाला देणार नाही."

"का?"

"आपण शेजारी होणार. उद्या कुंपण जरा हललं, की तुम्ही पुन्हा माझ्याकडे तसंच पाहाल."

सेतुमाधवरावांनी कॉफी संपवली आणि ते उठले.

पुढे त्यांनी तांबरमला घर बांधलं. तिथं समुद्राचा वाराही येत नाही. गोदाबाई कधी बोलून दाखवत नाहीत. मी माळ्यावर गंजते आहे.

मित्रांनो, माझ्यासारख्या मापांना अधूनमधून तेल द्या, तपासत चला. आणि कुणाला खोटं ठरवायच्या आधी तर नक्कीच तपासा.