मामाची मांडी

रविराज मोशीत बहिणीच्या दारी पोहोचला तेव्हा पाट मांडून झाला होता आणि न्हावी वाट पाहत बसला होता. सात महिन्यांच्या सार्थकचे जावळ मामाच्या मांडीवरच काढायचे, एवढ्यासाठी रुपालीने भाऊ परदेशातून परतेपर्यंत सगळे थोपवून धरले होते. पण त्याने पायरीवर पाऊल ठेवण्याआधीच दवाखान्यातल्या परिचारिका कुसुमताई मध्ये उभ्या राहिल्या.

त्यांचे सांगणे असे : गेल्या रविवारी तो ज्या विमानाने हनोईहून बँकॉकला आला, त्यात पुढच्या रांगेत बसलेल्या मुलीला गोवर निघाला. तिच्या देशाच्या आरोग्य खात्याने आसनांची यादी मागवली. ती यादी दिल्लीहून पुण्याला आणि पुण्याहून इथे आली. सकाळी त्यांनी फोनही केला होता. पण रविराजने प्रवासाच्या अर्जावर बहिणीचा पत्ता आणि क्रमांक दिला होता, आणि रुपालीने केवायसीवाला भामटा समजून फोन कापला होता.

रविराज चाकणच्या कंपनीत सुट्या भागांची तपासणी करी. पुराव्यावाचून काही मान्य करणे त्याच्या स्वभावात नव्हते. त्या मुलीशी आपण बोललोही नाही, अंगात ताप नाही, आणि सात दिवस कागद फिरवणाऱ्यांना आजच जाग कशी आली, असे त्याने क्रमाने विचारले. कुसुमताईंनीही क्रमानेच उत्तर दिले. गोवराला बोलणे लागत नाही, हवा पुरते. ताप यायला दहा-बारा दिवस जातात, म्हणून खबरदारी एकवीस दिवसांची. आणि सार्थकची लस नवव्या महिन्यानंतर आहे.

"मामाबिगर जावळ न्हाई," रुपालीच्या सासूबाई भागूबाई आतून म्हणाल्या. "आन् आठव्यात काढत न्हाईत."

कुसुमताईंनी वही उघडली. "रविराजभाऊ, लहानपणी गोवराचे दोन्ही डोस झालेत? झाले असतील तर खुशाल मांडीवर घ्या."

रुपालीच्या कडेवरचा सार्थक मामाच्या शर्टाच्या गुंडीकडे हात पसरत होता. रुपालीची नजर भावाकडून 'हो' मागत होती. लसीचे कार्ड कोणी मागितले नव्हते. 'बाकीचे चांगलेच असणार,' असे म्हणून न तपासलेला माल पुढे ढकलणाऱ्यांशी रविराज अकरा वर्षे भांडत आला होता.

"माहीत नाही," तो म्हणाला.

"दादा, हो म्हणाला असतास तर काय झालं असतं?"

"तेच माहीत नाही."

न्हाव्याने वस्तरा फडक्यात गुंडाळला. जावळ नवव्या महिन्यावर गेले. कुसुमताईंनी रविराजला चाकणच्या खोलीवर एकटे राहायला सांगितले. तो गाडीपर्यंत गेला, किल्ली लावली, आणि परत वळला. त्या विमानात त्याच्या शेजारच्या आसनावर कंपनीचा जपानी अभियंता मोरिता होता. रविराजबरोबर चाकणला येऊन तो गुरुवारीच नागोयाला घरी परतला होता. प्रवासात त्याने आपल्या आठ महिन्यांच्या मुलीचे फोटो दाखवले होते.

कुसुमताईंनी नाव लिहून घेतले. आजच वर कळवते, म्हणाल्या. पुढे दिल्ली, मग जपान.

"किती दिवस?"

त्या लिहीत राहिल्या.

रविराजने खिशातून फोन काढला. घंटा बराच वेळ वाजली. मग पलीकडे कोणीतरी फोन उचलला, आणि मोरिताच्या आवाजाआधी एका लहान मुलीचे हसणे अगदी जवळून ऐकू आले.