हेल्मेटमधले किडे

सातपूरच्या त्या पत्र्याच्या शेडमध्ये खंडेराव महाराज डोक्यातले किडे काढायचे. तिथे दर रविवारी सकाळी शंभर-दीडशे डोकी जमायची. कुणाला कोंडा, कुणाला खवडे, कुणाला चाई. रात्रपाळी उरकून थेट आलेले कामगार, निफाडहून पहिल्या बसने आलेल्या बायका, आणि त्या रांगेत हेल्मेट न काढता उभा असलेला मी. बावीस वर्षं शाळेत विज्ञान शिकवतो. ओळख पटू नये म्हणून स्कूटरसुद्धा दोन गल्ल्या मागे लावली होती.

शेजारी माझी तेरा वर्षांची मुलगी तेजश्री. तिच्या डोक्यावर चाईने केस जाऊन रुपयाएवढे दोन चट्टे पडले होते. बाकावरच्या मैत्रिणी सरकून बसू लागल्या, तेव्हा मीच तिला रुमाल बांधायला लावला. त्वचेच्या डॉक्टरांकडे का गेलो नाही? त्यांच्या दारावर पाटी होती, 'त्वचारोग व गुप्तरोग'. त्या पाटीखाली एखाद्या पालकाने सरांना पाहिलं तर? एवढंच कारण. लिहितानाही लाज वाटते.

"माझ्या भावजयीचे सात किडे निघाले," आमच्या मागची भागुबाई सांगत होती. कडेवर नात होती, तिलाही चाई. "म्या सोता पाह्यले. पांढरे, लय बारीक."

तेजश्रीचा नंबर आला. पाण्याच्या परातीत मधोमध उलटं मडकं, त्यावर निखारे. खंडेराव महाराजांनी तिला परातीवर वाकवलं, वरून काळी घोंगडी टाकली आणि निखाऱ्यांवर चिमूटभर भस्म फेकलं. तडतड आवाज, भपकन धूर.

"निघ रे केसखाऊ! सात पिढ्यांच्या भाडेकरू, कर खोली खाली!" महाराज गरजले. घोंगडी उचलली. परातीत अकरा पांढरे किडे तरंगत होते. गर्दीने हात जोडले. मीही जोडले.

"किडा गेला, पण त्याचं घर हाय," असं म्हणत महाराजांनी एका चट्ट्यावर बिब्ब्याचं तेल दाबलं. तेजश्री किंचाळली. "साहेब, पोरीचं डोकं धरा."

मी धरलं. घट्ट धरलं.

मग महाराज कपाळाला हात लावून म्हणाले, "आजची शक्ती सरली. बाकीच्यांनी पुढच्या रविवारी या." भागुबाई नातीला घेऊन परत गेली.

संध्याकाळपर्यंत चट्ट्यावर फोड आला. तेजश्री रडत नव्हती. तिने गुपचूप दोन किडे कंपासपेटीत आणले होते, ते माझ्याच भिंगाखाली ठेवून ती बघत बसली होती.

"पप्पा, याला तोंड नाही. पाय नाहीत. एका टोकाला दोन पानं आहेत. तुम्ही भिजवलेली बी सोलून दाखवता ना वर्गात? आतला अंकुर असाच दिसतो."

मी पाहिलं. अंकुरच होता. दरवर्षी साठ मुलांना दाखवतो तोच. भस्मात रिंगणीच्या बारीक बिया मिसळलेल्या असणार. निखाऱ्यावर बी फुटते आणि आतला अंकुर उडून पाण्यात पडतो. मुलीला जे दिसलं, ते मला दिसलं नव्हतं, कारण मी चेहरा लपवण्यात गुंतलो होतो.

सोमवारी त्या पाटीखालून आत गेलो. डॉक्टर म्हणाले, "चाईत किडा नसतो. शरीराची प्रतिकारशक्तीच चुकून केसांच्या मुळांवर उलटते. हा रोग संसर्गजन्य नाही. बहुतेकदा केस परत येतात, औषधंही आहेत. पण हे भाजलंय कुणी?"

मी तेजश्रीच्या रुमालाची गाठ बांधू लागलो.

शनिवारी तेजश्री म्हणाली, "उद्या त्या आजींच्या नातीचा नंबर आहे. तुम्ही बोलणार नसाल तर मी जाते."

रविवारी मी रांगेत पहिला होतो, शेजारी तेजश्री. "महाराज, आज माझं डोकं बघा. पण हेल्मेट चारचौघांत काढायला लाजतो."

"घोंगडीखाली काढा, साहेब. इथं सगळे लाजूनच येतात," महाराज हसले. घोंगडी पडली. भस्म, धूर, भाडेकरूला शिव्या. "तेरा निघाले, तेरा!"

मी घोंगडी भिरकावली. हेल्मेट डोक्यावरच होतं, पट्टा आवळलेला, काच खाली.

"माझं डोकं तर आत बंद आहे," मी म्हणालो. "मग हे तेरा कुणाचे?"

कुणीतरी फिस्सकन हसलं. एकजण म्हणाला, "हेल्मेटलाच कीड असंल!" तेजश्रीने भस्माचा डबा उलटा केला. राखेतून बिया घरंगळल्या. महाराज घाईघाईने घोंगडी गुंडाळू लागले. मी हेल्मेट काढलं, नाव सांगितलं, शाळा सांगितली आणि मागच्या रविवारी माझ्या मुलीचं डोकं मीच धरलं होतं, हेही सांगितलं.

भागुबाईने नातीला पोटाशी धरलं. "मंग सर, आता जायाचं कुठं?"

मी पत्ता दिला, पाटीवरच्या अक्षरांसकट.

सहा महिन्यांत तेजश्रीच्या एका चट्ट्यावर केस आले. ज्यावर बिब्बा लागला, तिथे मुळंच जळाली. तिथे आता केस येणार नाहीत.

यंदा बी सोलण्याचा धडा आला तेव्हा ती माझ्याच वर्गात होती. उठून पुढे आली, केस बाजूला केले आणि म्हणाली, "पप्पा, अंकुर दाखवलात. आता हेही दाखवा."

म्हणून दाखवतो आहे. डोक्याला काही झालं तर लपवू नका. कुणी किडा दाखवला तर तो भिंगाखाली धरा. आणि त्या पाटीखालून उघड्या चेहऱ्याने आत जा. मी एक दिवस उशिरा गेलो.