ओतीव नव्हे, घडीव

मी पिस्टन आहे. ओतीव नव्हे, घडीव. हे आधीच सांगून टाकलेलं बरं, कारण लोक आम्हा दोघांना एकाच मापाने मोजतात आणि मग डोक्याला हात लावून बसतात.

ओतीव पिस्टनचं काय, धातू वितळवला, साच्यात ओतला, निवला की झाला तयार. मला मात्र तापवून, कित्येक टनांच्या दाबाखाली दाबून घडवलंय. टाकीचे घाव सोसल्याशिवाय देवपण येत नाही म्हणतात. मी देव नाही, पण घाव पुरेपूर सोसलेत. म्हणून बोलण्यात जरा तोरा आहे, तेवढा चालवून घ्या.

आम्ही चौघं भावंडं एकाच खोक्यातून गॅरेजात आलो. आम्हाला निवडलं मिस्त्रींच्या लेकीने. गाडी होती दातांच्या डॉक्टरीणबाईंची. या बाई वर्षभर लोकांच्या दाढा काढतात आणि वर्षातून एकदा घाटाच्या शर्यतीत गाडी पळवतात. मागच्या शर्यतीत निम्म्या चढावरच त्यांच्या ओतीव पिस्टनच्या डोक्याला भोक पडलं होतं. यंदा लेक पहिल्यांदाच अख्खं इंजिन स्वतःच्या हाताने बांधत होती.

मिस्त्रींनी मला खोक्यातून काढलं, उलटसुलट केलं आणि नाक मुरडलं.

"डोक्याला पांढरं, कमरेला काळं. पिस्टन आणलेस की बाहुल्या?"

"डोक्यावर सिरॅमिक आहे, बाबा. जाळाची धग आत शिरू देत नाही. कमरेचा काळा थर बुळबुळीत असतो. तेल क्षणभर कमी पडलं तरी पिस्टन भिंतीला खरवडत नाही."

"आमच्या वेळी तेल पुरायचं."

"आणि भोकं पडायची," लेक म्हणाली. मला ती तिथेच आवडली.

खरी गोष्ट पुढेच आहे. मी सिलिंडरमध्ये वर-खाली धावतो. माझ्यात आणि त्याच्या भिंतीत बारीकशी फट ठेवावी लागते. लेकीने कागदावर लिहिलं, आठ रेघा. मापाच्या आठ रेघा म्हणजे जेमतेम एका केसाची जाडी. तो कागद घेऊन मिस्त्री इंजिनाचा ठोकळा लेथवाल्याकडे देऊन आले. ठोकळा परत आला तेव्हा लेकीने सिलिंडर मोजले. फट भरली चार रेघा.

तिने दुसऱ्यांदा मोजलं. मग लेथवाल्याला फोन लावला, दोन शब्द ऐकले आणि बापाकडे वळली.

"चार रेघा ठेवायला तुम्ही सांगितलंत त्याला?"

"सांगितलं." मिस्त्री हात पुसत राहिले. "आठ रेघा ठेवल्या तर थंडपणी खडखड करेल. तीस वर्षांत माझ्या दारातून वाजणारं इंजिन बाहेर पडलेलं नाही."

तेही खोटं नव्हतं. त्यांच्या चालू इंजिनावर पाण्याने काठोकाठ भरलेला पेला ठेवला तरी थेंब सांडायचा नाही. पण त्यांत सगळे पिस्टन ओतीव. मी तापलो की जास्त फुगतो. चार रेघांत मी चढावर अडकून बसलो असतो आणि भर वळणात बाईंची चाकं जागीच धरली असती. त्या वळणाला एका बाजूने दरी आहे. मला तोंड नाही, याचं इतकं वाईट मला कधीच वाटलं नव्हतं.

लेक भांडली नाही. तिने चहाचं मोठं पातेलं घेतलं, पाणी उकळत ठेवलं आणि त्यात मला सोडलं. शेजारी एक नवा ओतीव पिस्टन सोडला. दोघांची थंडपणीची मापं आधीच लिहून ठेवली होती.

"आता मोजा. तुम्हीच मोजा, मी हात लावत नाही."

मिस्त्रींनी फडक्यात धरून आधी ओतीव मोजला. दहा रेघा वाढला होता. मग मला धरलं. तेरा. त्यांनी मला परत पाण्यात टाकलं, परत काढलं, परत मोजलं. तेराच.

"सिलिंडर तापून सहा-सात रेघाच फुगतो, म्हणजे चार रेघांत ओतीव मावेल, हा नाही. आणि हे नुसतं उकळतं पाणी आहे, बाबा," लेक म्हणाली.

मिस्त्री उठले, ठोकळा स्वतः उचलून रिक्षात ठेवला आणि लेथवाल्याकडे गेले. संध्याकाळी फट आठ रेघा भरली. "बाईंना मीच दरीत घातलं असतं," एवढंच ते बोलले. मला त्यांचा राग नाही. स्वतःची चूक स्वतःच्या हाताने मोजायला छाती लागते.

शर्यतीच्या सकाळी हवा गार होती. इंजिन सुरू झालं आणि मी खडखडलो. चांगला दणकून खडखडलो. डॉक्टरीणबाईंचा चेहरा उतरला.

"मिस्त्री, हे वाजतंय हो. जाऊ की नको?"

लेकीने तोंड उघडलं, पण मिस्त्री तिच्या आधी बोलले. "पाच मिनिटं थांबा, बाई. गरम झालं की गप्प बसेल."

पाचव्या मिनिटाला मी गप्प बसलो. नंतर जो चढ चढलो, त्याचं वर्णन मीच काय करू? पण करतोच. एका मिनिटात हजारो स्फोट डोक्यावर झेलले. दरीच्या वळणावर बाईंनी पाय काढला नाही, आणि मीही अडलो नाही. बाई दुसऱ्या आल्या. पहिल्या का नाही आल्या ते चाकांना विचारा, माझ्याकडून कसूर नव्हती.

पुढच्या आठवड्यात इंजिन उघडलं. मिस्त्रींनी चष्मा लावून माझा काळा थर बोटाने चाचपला. एक ओरखडा नव्हता. त्यांनी मला लेकीच्या हातात दिलं.

आता मी परत सिलिंडरमध्ये आहे. अजून बऱ्याच शर्यती धावायच्यात. माणसांनो, एकच विनंती, मला घ्याल तर माझ्या मापाने घ्या.

परवा एक गिऱ्हाईक गॅरेजात आलं. बाईंची गाडी नुकतीच सुरू केली होती. ते कान देऊन म्हणालं, "मिस्त्री, तुमच्याकडचं इंजिन आणि आवाज?"

"माझं नाही ते," मिस्त्री म्हणाले. "माझ्या लेकीचं आहे. तुमचंही तिलाच दाखवा."